‘वा’ गाळू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेलास आणि तुझ्या प्रबंधाची फाइल झोपाळ्यावरच राहिली. रात्री उघडून वाचली. न विचारता वाचली, राग मानू नकोस. दुसऱ्या प्रकरणात एकाच पानावर दोन वाक्यं आहेत. वर शाईने लिहिलंयस, ‘प्राचीन हिंदू राज्यांतील मंत्रिपरिषद ही आजच्या मंत्रिमंडळाची पूर्वज होय.’ खाली पेन्सिलीने, ‘मंत्रिपरिषद नामधारी होती, सत्ता सर्वस्वी राजाची.’ मध्ये मोठं प्रश्नचिन्ह. पहिलं वाक्य तुझ्या मार्गदर्शकांना हवंय, दुसरं तुझ्या चर्चासत्रातल्या मित्रांना. आणि तू मला विचारत होतास, ‘बाई, कोणती बाजू घेऊ?’

चहा गार झाला तरी मी उत्तर दिलं नाही. त्यासाठी माझी एक जुनी चूक सांगावी लागली असती आणि तुझ्यासमोर बसून ती सांगवेना. म्हणून लिहिते आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राचं, म्हणजे कौटिल्याच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथाचं, पहिलं अधिकरण (पहिला भाग), पंधरावा अध्याय काढ. निकडीचं काम उभं राहिलं की राजाने मंत्री आणि मंत्रिपरिषद, दोघांनाही बोलावून ते सांगावं, असं तिथे आहे. पुढचं वाक्य मुळातून लिहिते: ‘तत्र यद्भूयिष्ठा ब्रूयुः कार्यसिद्धिकरं वा तत्कुर्यात्.’ तिथे बहुसंख्य जे म्हणतील ते, किंवा ज्याने काम सिद्धीला जाईल ते, राजाने करावं. आता तुझं भाषांतर बघ. ‘बहुसंख्यांचे मत राजाने मान्य करावे.’ पूर्णविराम. ‘वा’, म्हणजे ‘किंवा’, कुठे गेला?

वा गाळू नकोस. बाकी सगळं पत्र विसरलास तरी चालेल.

त्या एका अक्षराने तुझी शाई आणि तुझी पेन्सिल दोन्ही अडतात. बहुमत राजाला बांधत असतं तर ‘किंवा’ची गरज नव्हती. परिषद नुसती शोभेची असती तर निकडीच्या वेळी तिला बोलवायचं कशाला? बहुसंख्य काय म्हणतात याची नोंद तरी कशाला? त्याच अध्यायात असंही आहे की जवळ असलेल्यांबरोबर राजाने कामं पाहावीत आणि दूर असलेल्यांचा सल्ला पत्र पाठवून घ्यावा. नामधारी माणसाला कुणी पत्र पाठवून मत विचारतं का?

एकाच मंत्र्याशी मसलत केली तर अवघड प्रसंगी निश्चय होत नाही, शिवाय तो एकटा मोकाट वागतो. दोघांशी केली आणि ते एक झाले, तर तेच राजाला काबूत ठेवतात. भांडले तर राजाचा नाश करतात. म्हणून तीन किंवा चार, असा कौटिल्याचा हिशेब आहे. हे लिहिणाऱ्याने मसलतीची खोली आतून पाहिली होती, असं मला प्रत्येक वाचनात वाटतं. परिषदेच्या संख्येबद्दल जुन्या शास्त्रकारांच्या परंपरांपैकी मानव म्हणतात बारा, बार्हस्पत्य सोळा, औशनस वीस. कौटिल्य म्हणतो, सामर्थ्याप्रमाणे. आणि तू तक्त्यात चौकट आखून ‘१२ मंत्री’ लिहून मोकळा झालास! ती चौकट आधी खोड. मंत्री आणि मंत्रिपरिषद या वेगळ्या गोष्टी आहेत हेही तुझ्या लक्षात आलेलं नाही. पाचव्या अधिकरणातली वेतनं बघ. मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज यांच्या ओळीत ४८,००० ‘पण’, म्हणजे तेव्हाची नाणी. मंत्रिपरिषदेच्या सदस्याला १२,०००. चौपट फरक आहे. इतक्या अंतराची माणसं एका चौकटीत बसत नाहीत.

आता माझी चूक.

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक संदर्भपुस्तक निघत होतं, त्यातलं राज्यव्यवस्थेचं प्रकरण माझ्याकडे आलं. मी ‘वा’सकट लिहून दिलं. प्रकाशकांकडून निरोप आला की मुलांना ठाम वाक्यं लागतात, मुद्दे करून द्या. मी मुद्दे करून दिले. त्यातला चौथा: ‘परिषदेच्या बहुमताचा निर्णय राजावर बंधनकारक असे.’ मला संस्कृत येत होतं. मला ‘वा’ दिसला होता. तरी मी तो गाळला.

पुढे काही वर्षांनी परीक्षक म्हणून बसले. गठ्ठ्यामागून गठ्ठा, प्रत्येक उत्तरपत्रिकेत माझंच वाक्य आणि मी त्याला पूर्ण गुण देत होते. एका उत्तरपत्रिकेत मात्र कुणीतरी लिहिलं होतं, ‘परंतु कार्य सिद्धीस जाईल असे वाटल्यास राजा वेगळेही करू शके.’ नमुना उत्तरात ते नव्हतं. मी दोन गुण कापले. वरच्या कोपऱ्यात आसनक्रमांक होता, नाव नव्हतं. पत्र लिहावं, माफी मागावी, तर कुणाची? त्या मुलाने किंवा मुलीने पुढे इतिहास घेतला की सोडला, मला कधीच कळणार नाही.

तेव्हा ‘एका अक्षराने काय बिघडतं’ असं मला पुन्हा म्हणू नकोस.

तुझ्या मार्गदर्शकांचा मला राग नाही. त्यांच्यापर्यंत हे कसं आलं ते समजून घे. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयात हाती आली १९०५ साली, ग्रंथ छापला गेला १९०९ साली. वंगभंग, स्वदेशीचे दिवस. पूर्वेकडे फक्त हुकूमशहा झाले, तुम्हाला स्वराज्य चालवता येणार नाही, असं साहेब तोंडावर सांगत होता. त्या पिढीच्या हातात एकदम मंत्रिपरिषद आली, ‘भूयिष्ठाः’ हा शब्द आला. त्यांनी तो घट्ट धरला. त्यांना तो धरावाच लागला. तुला आणि मला तशी निकड नाही. आपल्याला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही, मग आपण का गाळावा?

आणि तुझे मित्र? त्यांना वाटतं नाकारलं की संशोधन झालं. त्यांना जुनागढला घेऊन जा.

गिरनारच्या वाटेवर तो एकच खडक आहे. त्याच्यावर अशोकाचे लेख आहेत, रुद्रदामन या शक क्षत्रप राजाचा आहे, स्कंदगुप्ताच्या काळातलाही आहे. मी तिथे दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेले ती याच ‘वा’साठी. अशोकाचा सहावा लेख वाच. अशोक म्हणतो, मी तोंडी काही आज्ञा दिली, किंवा महामात्रांवर, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांवर, निकडीचं काम सोपवलं आणि त्यावरून परिषदेत ‘विवादो निझती व’, म्हणजे वाद किंवा फेरविचार उद्भवला, तर मला ताबडतोब कळवा. कुठेही असेन, कोणतीही वेळ असो. जेवत असेन, अंतःपुरात असेन, तरी. त्याचा शब्द ‘आचायिक’, कौटिल्याचा ‘आत्ययिक’. दोन्हींचा अर्थ निकडीचं काम. शास्त्रातला शब्द इथे राजाच्या तोंडी, दगडावर आलेला आहे. सम्राटाच्या तोंडी आज्ञेवर परिषदेत वाद होऊ शके, हे सम्राट स्वतः कोरून ठेवतो. आणि वाद झाला तर परिषदेने ठरवावं असं म्हणतो का? नाही. मला कळवा, म्हणतो. बघ, इथेही तोच उंबरठा आहे. परिषद बोलते, पण शेवट तिच्या हातात नाही.

मग त्याच खडकावरचा रुद्रदामनाचा लेख. शकवर्ष ७२, म्हणजे इ.स. १५०. सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या वेळी पुष्यगुप्ताने बांधलेला, अशोकाच्या वेळी तुषास्फाने कालव्यांनी सजवलेला. मार्गशीर्षात तुफान पाऊस झाला, सुवर्णसिकता आणि पलाशिनी या नद्या फुगल्या, बांध फुटला. खिंडार ४२० हात लांब, तेवढंच रुंद, ७५ हात खोल. सगळं पाणी गेलं. आता नीट वाच: राजाच्या मतिसचिवांनी आणि कर्मसचिवांनी, म्हणजे सल्ला देणाऱ्यांनी आणि काम करणाऱ्यांनी, खिंडार फार मोठं आहे म्हणून कामाला नकार दिला. लेखातला शब्द आहे ‘प्रत्याख्यातारम्भम्’. आरंभालाच नकार. बांध पुन्हा होणार नाही या निराशेने प्रजेत हाहाकार झाला. तेव्हा आनर्त आणि सुराष्ट्रावर नेमलेला अमात्य, कुलैपाचा मुलगा पह्लव (इराणी वंशाचा) सुविशाख, याने तो बांध पुन्हा घातला, तिप्पट मजबूत. लोकांवर कर, वेठ किंवा ‘प्रणय’ नावाची मागणी न लादता, राजाच्या स्वतःच्या कोषातून.

तुझा मित्र म्हणेल, ही राजाची प्रशस्ती, कवीला राजा मोठा दाखवायचा होता. मान्य. पण राजाला मोठं दाखवण्यासाठी कवीला सचिवांचा नकार लागला, हे तर बघ! नकार देता येत नसता तर तो ओलांडण्यात मोठेपणा कसला? आणि त्या सचिवांना लेखात मूर्ख किंवा भित्रे म्हटलेलं नाही. ‘अमात्यगुणसमुद्युक्तैरपि’, अमात्याचे सगळे गुण असूनही, असं म्हटलं आहे. ‘भूयिष्ठाः’ एका बाजूला, ‘कार्यसिद्धिकरम्’ दुसऱ्या बाजूला आणि मधल्या ‘वा’वर उभा राहिलेला राजा. अर्थशास्त्राचा काळ कोणता यावर विद्वान भांडोत, ते एक वाक्य प्रत्यक्षात कसं घडतं हे इथे दगडावर आहे. राजा शक, अमात्य पह्लव, भाषा संस्कृत आणि कारभाराचे शब्द सगळे शास्त्रातले. ‘हिंदू राज्य म्हणजे कोणतं’ ही तुझी तळटीप इथून लिही.

प्रकरण या खडकापासून सुरू कर. व्याख्येपासून नको.

आपल्याकडचं म्हणशील तर नाशिकची तिसऱ्या क्रमांकाची लेणी तुला बसने एका दिवसात होईल. तिथल्या लेखांत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आज्ञा देतो, चोविसाव्या वर्षी अमात्य श्यामकाला. दुसऱ्या आज्ञेत राजाबरोबर राजमाता आहे. आधी कखडी गावात दिलेलं शेत कसलं जात नाही, गाव ओस पडलंय, म्हणून नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातले १०० निवर्तन (जमिनीचं जुनं माप) द्या, असा साधा, कामाचा हुकूम. त्यात मंत्रिपरिषद हा शब्द नाही. नाही, तर नाही म्हणून लिही. ‘सातवाहनांचीही मंत्रिपरिषद असणारच’ हे तुझं वाक्य काढून टाक. ‘असणारच’ म्हणजे गाळलेल्या ‘वा’चं भावंड आहे.

मी हेकट आहे असं तुला कुणीतरी सांगितलं असणार. सांगू देत. त्या दोन गुणांनंतर मी एका अभ्यासक्रम समितीवर होते, तिथे तेच वाक्य पुन्हा आलं. मी विरोध केला. बहुमत विरोधात गेलं, तेही मी मान्य केलं. फक्त माझा विरोध इतिवृत्तात लिहा, एवढं मागितलं. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचलं तेव्हा त्यात ‘सर्वानुमते’ होतं. मी सही केली नाही, नंतर मला बोलावणं आलं नाही. घरच्यांनी विचारलं, एका ओळीसाठी एवढं कशाला? मला अजूनही वाटतं, माझं बरोबर होतं. एका क्षत्रपाने आपल्या सचिवांचा नकार आपल्याच प्रशस्तीत राहू दिला, आम्ही बारा शिकलेल्या माणसांनी एक ओळ राहू दिली नाही. त्या दिवशी सही केली असती तर आज तुला हे पत्र लिहायचा मला हक्क राहिला नसता.

तुझ्या मार्गदर्शकांना हे आवडणार नाही. प्रबंध अडेल, एक सत्र जाईल. तुझ्या वडिलांना मी फोन करून सांगेन, ती काळजी माझ्यावर सोड. पण वाक्य बदलून घेऊ नकोस. त्यांनी काट मारली तर काट मारलेलं पान जपून ठेव.

फाइल सोबत पाठवते आहे. पेन्सिलीचं वाक्य आणि शाईचं वाक्य दोन्ही तशीच ठेवली आहेत, खोडायची तर तूच खोड. रुद्रदामनाच्या लेखाची छायाप्रत आत घातली आहे, ‘मतिसचिव’ शब्दाखाली रेघ मारून. सुविशाखाचं नाव त्यात आहे, त्याच्या बापाचंही आहे. ज्यांनी नकार दिला त्यांच्यातल्या एकाचंही नाव नाही. मी दोन्ही वेळा शोधलं. रविवारी ये, त्या ओळीपासून पुढे वाचू.

तुझी,
बाई