क्लच घसरतोय, मग गिअरबॉक्स कशाला उघडता?

ऊन तापायला लागलं की मोटरसायकलच्या क्लचच्या तक्रारी वाढतात आणि 'घरीच उघडू का?' हेही लोक विचारू लागतात. पुन्हा एकदा उत्तरं देतो.

क्लच प्लेटा बदलायला गिअरबॉक्स काढावा लागतो का? (जुळे सोलापूर)

नाही. आपल्याकडच्या बहुतेक १००-१५० सीसी गाड्यांत ऑइल काढून उजवीकडचं कव्हर उघडलं की क्लच समोर येतो.

इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही. प्लेटा गेल्या ना? (अक्कलकोट रोड)

कदाचित. आधी केबल बघा. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी खेळ (मोकळी हालचाल) हवा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. केबल ताणलेली असेल तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो. मग ऑइलचा डबा बघा. त्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं हवं, म्हणजे ते ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतं. 'कारचं ऑइल जास्त भारी' असं सांगणाऱ्याला स्वतःच्या गाडीत ओतू द्या. हे दोन्ही ठीक असेल तर मिस्त्रीला दाखवा.

मिस्त्री म्हणतो, प्लेटांबरोबर क्लच हाउसिंगही बदला. फसवतोय का? (विजापूर रोड)

हाउसिंग म्हणजे प्लेटा ज्यात बसतात ती वाटी. ती हातात मागा आणि तिच्या उभ्या पट्ट्यांच्या (बोटांच्या) कडांवरून नख फिरवा. प्लेटांच्या बाहेर आलेल्या कानांनी खाचा पाडल्या असतील आणि नख अडकत असेल, तर तो खरं बोलतोय. अशा खाचांत नव्या प्लेटाही अडकतात. कडा गुळगुळीत असतील तर दुसऱ्या मिस्त्रीचं मत घ्या. काढलेला माल मात्र घरी आणाच. आणि 'माल कंपनीचाच, फक्त डबा नाही' असली प्लेट घेऊ नका.

दुसरा गिअर सहा महिन्यांपासून सुटतोय. व्हिडिओ बघून घरीच गिअरबॉक्स काढणार आहे. काय काळजी घेऊ? (होटगी रोड)

काढू नका. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा गिअरबॉक्स वेगळा असायचा. तुमच्या गाडीत तो क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीच्या, पोटात आहे. तिथे पोचायला इंजिन फ्रेममधून उतरवायचं, हेड, ब्लॉक, क्लच, मॅग्नेट काढायचं आणि केस दोन भागांत फोडायची. गॅरेजात याला 'फुल इंजिन' म्हणतात. मॅग्नेटला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो, क्लचच्या नटला खास सॉकेट. घरी छिन्नी-हातोडी निघते. केस उघडत नाही म्हणून फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला की केसच्या जोडाच्या सपाट कडेवर ओरखडा पडतो आणि पॅकिंग नवं असूनही ऑइल गळतं. शाफ्टच्या टोकाची पातळ वॉशर ऑइलने केसला चिकटून येते. ती कुठली, कुठल्या बाजूची, हे व्हिडिओत कापलेलं असतं. गिअर सुटण्याचं कारण झिजलेले डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे दात) आहेत की वाकलेला फोर्क (गिअर सरकवणारा काटा), हे नुसत्या नजरेने नेहमी कळत नाही, मोजावं लागतं. आणि सहा महिने कसली वाट बघत होता? तुळजापूरच्या घाटात गिअर सुटला म्हणजे? ऑइलमध्ये धातूचे कण दिसले तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.

नव्या प्लेटा कोरड्याच बसवू का? (सात रस्ता)

नको. इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजवा.

स्कूटरच्या क्लचलाही हेच लागू? (नवी पेठ)

नाही, मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये असतो, स्कूटरचा कोरडा. तिथे ऑइल लागलं तर क्लच घसरतो. आतली धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. बेल्टचं काम मात्र स्कूटर करणाऱ्या मिस्त्रीकडेच द्या.