नागपूर ते बंगळुरू सामान न्यायचंय, पॅकर्सचे आकडे ऐकून घाम फुटलाय

प्रश्न : आम्ही नागपूरला राहतो, मिस्टरांना बंगळुरूला नोकरी लागली आणि पुढच्या महिन्यात घर हलवायचंय. टू बीएचकेचं सामान आहे. सागवानी दिवाण, प्लायवूडची दोन कपाटं, फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, भांडी आणि नऊ वर्षं जुनी स्कूटी. पॅकर्स-मूव्हर्सना फोन केले तर एक म्हणतो 32 हजार, दुसरा म्हणतो 58 हजार, सामान तेच! कंपनी एक रुपया देणार नाहीये. स्वस्तात कसं जमवायचं?
एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, स्वस्त पॅकर शोधायच्या आधी सामान कमी करा, कारण ट्रकवाला पैसे घेतो ते जागेचे, तुमच्या वस्तूची किंमत काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. त्यामुळे प्लायवूडची कपाटं नेऊच नका, ती एकदा उघडून परत जोडली की स्क्रू नीट धरत नाहीत, वर अर्धी गाडी तीच खातात. नागपुरातच विकून टाका, येतील ते पैसे घ्या, आणि बंगळुरूत नोकरीनिमित्त आलेली माणसं सतत घरं बदलत असतात त्यामुळे तिथं सेकंडहँड कपाट आरामात मिळतं. दिवाण मात्र न्या. सागवान आज घ्यायला गेलात तर परवडणार नाही.

आता गाडी. पूर्ण ट्रक तुमच्या एकट्यासाठी बुक केला की त्याच्या रिकाम्या परतीचे पैसेही तुमच्याच भाड्यात येतात, हे 58 हजारवाले आकडे बरेचदा तिथूनच येतात. त्यापेक्षा वाडीला किंवा कापसीच्या ट्रान्सपोर्ट नगरात एकदा स्वतः जाऊन या. हैदराबाद-बंगळुरूकडून माल घेऊन आलेल्या गाड्या तिथं परतीच्या लोडची वाट बघत थांबलेल्या असतात, नागपूर-बंगळुरू सरळ 44 नंबरचा हायवे आहे त्यामुळे या रूटवर गाड्यांना तोटा नाही. रिटर्न गाडीत पार्ट लोड मिळेल का असं विचारा, म्हणजे दुसऱ्याच्या मालासोबत तुमचं सामान. यात दोन गोष्टी सोसाव्या लागतात, तारीख पक्की मिळत नाही आणि वाटेत गोडाऊनमध्ये माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवू शकतात, म्हणून काचेचं आणि टीव्ही यात टाकू नका किंवा मग गाडी मध्ये बदलणार नाही असं लिहून घ्या. पार्ट लोडवाला दारात येतोच असं नाही, तेव्हा घर ते ट्रान्सपोर्ट नगर छोटा हत्ती (लहान टेम्पो) आणि दोन्हीकडची हमाली धरूनच हिशोब करा, नाहीतर स्वस्त वाटलेलं भाडं शेवटी तिथंच जातं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर तेही आधीच सांगून टाका.

पॅकरच करायचा असेल तर फोनवर रेट घेऊ नका, माणसाला घरी बोलवून सामान दाखवा. नावाजलेल्या कंपनीसारखंच नाव लावून फिरणारे खूप आहेत, आधी कमी रेट सांगतात, सामान गाडीत चढलं की वजन जास्त भरलं म्हणत दुप्पट मागतात आणि पैसे मिळेपर्यंत सामान अडवून ठेवतात. हे फार वाईट आहे, कारण तेव्हा तुमचं अख्खं घर त्यांच्या ताब्यात असतं. म्हणून जीएसटी नंबर तपासा, वस्तूंची यादी आणि ठरलेली रक्कम लेखी घ्या, अ‍ॅडव्हान्स अगदी थोडा द्या. तरीही अडवलंच तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार, तुम्ही सामानाची जास्त किंमत लिहून दिली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. म्हणजे 15 हजार भाडं असेल तर फार तर दीड लाख. नुकसान झालं तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ (वाटेतल्या नुकसानीचा विमा) म्हणून सामानाच्या किमतीवर तीन टक्के लावले तर विमा कंपनीची पॉलिसी दाखवा म्हणा, बऱ्याच ठिकाणी ती नुसती पावतीवरची एक ओळ असते. आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल, लागत नाही, त्याच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा, ‘वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही’ अशी सही केलेली यादी मात्र ड्रायव्हरकडे द्या.

वॉशिंग मशीनचं विशेष सांगते. फ्रंट लोड मशीन नवीन आलं तेव्हा मागे लांब बोल्ट होते, ते इन्स्टॉलेशनवाल्याने काढून तुम्हाला पिशवीत दिले असणार. ते शोधा आणि परत बसवून घ्या, नाहीतर हजार किलोमीटरच्या हादऱ्यांनी आतला ड्रम हलून मशीन कामातून जाऊ शकतं. हरवले असतील तर सर्व्हिस सेंटरला विचारा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा, उभाच न्या. भांड्यांना बबल रॅप विकत घेऊ नका, साड्या, चादरी, टॉवेल तसेही न्यायचेच आहेत, त्यातच गुंडाळा. खोके मेडिकलवाल्याकडे मागा.

स्कूटी विका. आरटीओची एनओसी, कर्नाटकात पुन्हा रजिस्ट्रेशन, तिथला रोड टॅक्स, इकडच्या टॅक्सचा परतावा मिळवायला खेटे, नऊ वर्षांच्या गाडीसाठी एवढं करण्यात काही अर्थ नाही. गॅस सिलेंडर कुठल्याच गाडीत टाकू नका, सिलेंडर-रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर आणि डिपॉझिट परत घ्या, त्यावर तिकडे नवीन कनेक्शन निघतं.

प्रश्न : मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याहून दिल्लीला चाललाय. पुस्तकांचेच सहा खोके आहेत, कुरिअरवाला किलोवर भरमसाट पैसे मागतो.
एक वाचक, पुणे

उत्तर : पोस्टात जा. 2025 च्या मे महिन्यापासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालंय, छापील पुस्तकांसाठी, 5 किलोपर्यंतच्या पाकिटाला 100 रुपये आणि वर कर. पाच-पाच किलोचे गठ्ठे करा, हाताने लिहिलेल्या नोट्स त्यात घालू नका, त्या बॅगेत जाऊ द्या. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, तेव्हा लगेच लागणारी पुस्तकं सोबत ठेवायला सांगा, स्लीपरच्या तिकिटावर 40 किलो सामान तसंही फुकट नेता येतं. गादी-सायकल असेल तर झेलम एक्सप्रेस पुण्यातूनच सुटते, मागून भरून येणाऱ्या गाडीपेक्षा तिच्या ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) जागा मिळायची शक्यता जास्त. तिकीट दाखवून पार्सल ऑफिसात आदल्या दिवशीच चौकशी करून या, प्रत्येक नगावर नाव, मोबाईल नंबर आणि ‘नवी दिल्ली’ ठळक लिहा, आणि तिकडे उतरल्यावर त्याच दिवशी सोडवून घ्या कारण मुदत संपली की तासावर दंड चढतो.