रॅम्पची गणितं: वाचकांची पत्रं, जाणकारांची उत्तरं

मॉडेलिंग, फॅशन शोचं निवेदन आणि आयोजन या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

मुलगी १९ वर्षांची, उंची ५ फूट ४ इंच. मुंबईच्या एका एजन्सीतून ‘सिलेक्शन झालंय’ असा फोन आला. नोंदणी आणि पोर्टफोलिओ (काम मागताना दाखवायचा फोटोंचा संच) मिळून ४० हजार मागतात. भरावेत का?
*— एक आई, सांगली*

भरू नका. एजन्सी कमावते ती मॉडेलला मिळालेल्या कामातून. काम झालं की मानधनातून साधारण २० टक्के कमिशन कापून घेते. जिची कमाईच नोंदणी फीवर आहे, तिला तुमच्या मुलीला काम मिळालं काय, न मिळालं काय, सारखंच. आणि न भेटता, कॅमेऱ्यासमोर उभं न करता सिलेक्शन झालं कसं? वर्सोव्याच्या आरामनगरात रोज ऑडिशन चालतात. ऑडिशन द्यायला पैसे लागत नाहीत, हे मुलीलाही नीट सांगून ठेवा.

उंचीबद्दल स्पष्टच सांगायला हवं. मोठ्या शोच्या रॅम्पसाठी मुलींना ५ फूट ८ इंच आणि मुलांना ६ फुटांच्या आसपास उंची लागते. डिझायनर नमुन्याचे कपडे एकाच मापात शिवतो आणि ते आयत्या वेळी कुणाच्याही अंगावर चढवावे लागतात. ५ फूट ४ इंचांच्या मुलीला तोच घागरा चार बोटं जमिनीवर लोळेल. पण कॅटलॉग, ऑनलाइन विक्रीचे फोटो, दागिने, साड्या, टीव्हीच्या जाहिराती यांत उंची आड येत नाही. नुसत्या हातांचंही मॉडेलिंग असतं: अंगठ्या, बांगड्या, नेलपॉलिश.

पोर्टफोलिओच्या आधी घरीच ‘डिजिटल्स’, म्हणजे साधे, बिनसजावटीचे फोटो काढा. दिवसा खिडकीकडे तोंड करून, मोकळ्या फिकट भिंतीपुढे, मेकअप न करता, अंगाला बसणारा काळा किंवा पांढरा टॉप आणि जीन्स घालून. सहा फोटो पुरे: चेहरा समोरून, चेहरा बाजूने, केस बांधून एक, पूर्ण उंचीचे समोरून, बाजूने आणि पाठमोरा. पूर्ण उंचीच्या फोटोला मोबाइल छातीच्या उंचीवर धरा आणि आठ-दहा फूट मागे जाऊन दुप्पट झूमवर काढा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. जवळून साध्या लेन्सने काढलं की नाक मोठं आणि पाय आखूड दिसतात. फिल्टर लावलेला फोटो पाहणारा तिथेच बाजूला टाकतो. सोबत उंची, छाती-कंबर-नितंबांचं माप आणि बुटाचा नंबर खरा लिहा. कंबर दोन इंच कमी लिहिली तर ट्रायलच्या दिवशी चेन लागत नाही आणि पुन्हा बोलावणं येत नाही.

आमच्या महिला मंडळाच्या पैठणी शोचं निवेदन माझ्याकडे आलंय. काय बोलू?
*— वाचक, नाशिक*

मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकसारख्या ठिकाणी रॅम्प चालू असताना निवेदन नसतं, सगळं संगीतावर चालतं. साड्यांच्या शोमध्ये मात्र निवेदनावाचून भागत नाही, कारण समोर बसलेल्या बायका साडी बघायला आलेल्या असतात, मॉडेल बघायला नाही.

आधी घड्याळ लावा. ४० फुटी रॅम्पवर दर १३ सेकंदांनी एक मॉडेल आत येते. ठळक, ऐकू येईल असं मराठी मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांच्या वेगाने बोललं जातं. म्हणजे एका साडीला जास्तीत जास्त २२ शब्द. ‘सौंदर्याची खाण, लावण्याची मूर्ती’ असल्या विशेषणांतच सात-आठ शब्द गेले तर साडीबद्दल बोलायचं कधी? २१ शब्दांचा हा नमुना पाहा:

“ही काळी चंद्रकळा, लाल काठाची. पदरावर बांगडी मोर: बांगडीच्या गोलात बसवलेले मोर. पदर उलटा करून पाहा, मागे एकही धागा लोंबत नाही.”

‘पदर उलटा’ हे शब्द येतील तेव्हा मॉडेल रॅम्पच्या टोकाला पोचलेली हवी आणि तिने खरंच पदर उलटा धरायला हवा. हे तालमीत तिच्याबरोबर ठरवा. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणतात, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. यंत्रावरच्या पैठणीला मागे धागे सुटलेले असतात. म्हणून प्रत्येक साडी हातमागाची की सेमी (यंत्रावरची), हे दुकानदाराकडून लिहूनच घ्या. सेमीला तुम्ही ‘अस्सल येवल्याची’ म्हणालात, तर पहिल्या रांगेतली एखादी आजी तिथल्या तिथे पकडेल. मुनिया (पोपट), असावली (फुलवेल), नारळी काठ हे नक्षीचे शब्द खुशाल वापरा, पण एका साडीत दोनच वैशिष्ट्यं सांगा.

मजकूर मोबाइलवर ठेवू नका. स्क्रीन बंद पडते, मधेच फोन येतो, उजेड चेहऱ्यावर पडतो. पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं करा, एका साडीला एक. कोपऱ्यात क्रमांक मोठा लिहा आणि सगळी एका रिंगेत ओवा, खाली पडली तरी क्रम मोडत नाही. दोन-तीन कार्डं जादा ठेवा, त्यावर कोणत्याही साडीला चालेल असा मजकूर असू द्या. मॉडेल उशिरा आली की तीच कामी येतात. माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरा, जाळीवर मूठ आवळू नका आणि स्पीकरच्या पुढे जाऊन उभ्या राहू नका, शिट्टी वाजते. बिनतारी माइकमध्ये शोच्या आधी नवे सेल घालायला लावा.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या शोमध्ये दुसऱ्या फेरीच्या आधी रॅम्प पाच मिनिटं रिकामा राहिला. १२ मॉडेल होत्या. कुठे चुकलं?
*— विद्यार्थी समिती, कोल्हापूर*

बहुधा पहिल्या फेरीच्या शेवटी सगळ्यांना एकत्र उभं केलेल्या रांगेने घात केला. हिशेब मांडून पाहू. रॅम्प ४० फूट, पाऊल २ फुटांचं, म्हणजे जाऊन-येऊन ४० पावलं. मिनिटाला ११० पावलांच्या चालीने २२ सेकंद लागतात. टोकाची पोझ आणि वळण धरून २८. दर १३ सेकंदांनी एक सोडली तर बारावी मॉडेल १४३व्या सेकंदाला आत येते आणि १७१व्याला परतते. एक फेरी तीन मिनिटांत संपते.

आता तीन मिनिटांनी दुसरी फेरी त्याच क्रमाने सुरू केली, तर पहिलीला कपडे बदलायला अडीच मिनिटं मिळतात, आणि गंमत म्हणजे बारावीलाही तेवढीच. क्रम बदलला की हा हिशेब मोडतो. पहिल्या फेरीत शेवटी आलेली मैत्रीण दुसऱ्या फेरीत आधी पाठवली, की तिच्या हातात उरतात काही सेकंद. तसंच, पहिल्या फेरीनंतर सगळ्यांना रांगेत उभं केलंत की बाराही जणी एकदमच मोकळ्या होतात आणि बदलायला वेळ कुणालाच उरत नाही. सगळ्यांची एकत्र रांग फक्त शोच्या शेवटी.

अडीच मिनिटं ड्रेस किंवा गाऊनला पुरतात, तेही हाताशी मदतनीस असेल तर. साडीला नाही. साडीच्या फेरीआधी पाच-सात मिनिटांचं नृत्य किंवा पाहुण्यांचा सत्कार घाला, नाहीतर निऱ्या आधीच घालून टाके मारून ठेवा. मागे प्रत्येकीला स्वतंत्र रॅक: हँगर फेरीच्या क्रमाने, वर पूर्ण पेहरावाचा फोटो चिकटवलेला, दागिने झिपच्या पिशवीत हँगरलाच अडकवलेले, बूट खाली. अंतर्वस्त्रं त्वचेच्या रंगाची, नाहीतर दर फेरीला तीही बदलावी लागतात. दाराशी एकच माणूस ‘जा’ म्हणेल, आणि तो दिग्दर्शकच असेल असं नाही, पण ज्याच्या हातात यादी आहे तोच. दोघे सोडायला लागले की गोंधळ ठरलेला.

रॅम्प मंडपवाल्याकडून करून घेणार आहोत. काय तपासायचं?
*— वाचक, फोंडा*

४० × ८ फुटांना ८ × ४ च्या दहा प्लाय लागतात. १९ मिलिमीटरच्या मागा, पातळ प्लाय मधे दबते. त्या आडव्या टाकायला सांगा, म्हणजे प्लायची आठ फुटांची बाजू रॅम्पच्या रुंदीला येईल आणि जोड दर चार फुटांवर आडवे राहतील. उभ्या टाकल्या तर एक जोड सरळ मधोमध, नेमका चालण्याच्या रेषेत येतो, आणि टाचेची टोकं त्यातच अडकतात. आडवे जोडही सोडून देऊ नका, टेपने बंद करा. वरून गुळगुळीत फ्लेक्स नको, दिव्याखाली चकाकतो आणि त्यावरून पाय घसरतो. कार्पेट असेल तर ताणून कडेला ठोकलेलं हवं, सुरकुती पडली की ठेच लागलीच. मॉडेलना तालीम त्याच रॅम्पवर, त्याच टाचांच्या बुटात करू द्या. परत द्यायच्या नव्या बुटांच्या तळाला कागदी मास्किंग टेप लावा. खाकी पार्सल टेप लावली तर घसरगुंडी होते.

शो मोकळ्या जागेत असेल तर आवाज रात्री १० वाजता बंद. गाण्यांचे परवाने दोन असतात, आणि लोक इथे हमखास चुकतात: ध्वनिमुद्रणाचे हक्क पीपीएलसारख्या संस्थांकडे, गीत-संगीताचे आयपीआरएसकडे. एक घेतला म्हणून दुसरा सुटत नाही. जनरेटर १२५ केव्हीएचा घेतलात तर तो साधारण १०० किलोवॅट देतो, पण भार ७०-७५ पर्यंतच ठेवा. दिवे आणि साउंड वेगवेगळ्या फेजवर घ्या, नाहीतर स्पीकरमधून घूं-घूं येत राहते.

नऊ वर्षांच्या मुलाला कपड्यांच्या जाहिरातीसाठी विचारलंय. कायद्याने चालतं का?
*— वाचक, ठाणे*

चालतं, पण निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि तुमची लेखी संमती लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांवर विश्रांतीशिवाय नाही. मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जायला हवा. परवानगीची प्रत मागा. ‘एवढ्याशा कामाला कशाला’ असं उत्तर आलं तर काम सोडा.

फोटोशूट झालं, ठरलेले पैसे मिळाले. आता तेच फोटो रस्त्यावरच्या होर्डिंगवर दिसतात. जादा पैसे मागता येतील का?
*— वाचक, पुणे*

करारात काय लिहिलंय त्यावर अवलंबून. मॉडेलचा दर दिवसाचा नसतो, वापराचा असतो: कुठल्या माध्यमात, कुठल्या भागात, किती काळ. ‘फक्त ऑनलाइन, भारतात, १ वर्ष’ असं लिहिलं असेल तर होर्डिंगचे वेगळे पैसे मागायचा तुम्हाला हक्क आहे. होर्डिंगचा तारीख दिसेल असा फोटो काढून ईमेल पाठवा. ‘सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ लिहून सही केली असेल, तर मात्र वाव नाही. स्पर्धक ब्रँडचं काम किती महिने घ्यायचं नाही, हेही त्याच कागदात असतं, तेही वाचा.

पुढच्या वेळी कामाआधी तोंडी ठरलेलं निदान ईमेलवर लिहून पाठवा आणि ‘ठीक’ असं उत्तर आल्याशिवाय शूटला जाऊ नका. पैशांतून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो, पॅन दिला नाही तर २० टक्के. जादा कापलेला विवरणपत्र भरलं की परत मिळतो. आणि बिल शूटच्याच दिवशी पाठवा. ६० किंवा ९० दिवसांची मुदत बहुतेक ठिकाणी बिल पोचल्याच्या तारखेपासून मोजतात.