धबधबा असलेल्या दगडी तळ्यातलं पाणी रोज कमी होतंय, गळती कशी शोधायची?

आधी पंप बंद करा. पाण्याच्या पातळीवर दगडावर खडूने रेघ मारा आणि चोवीस तास थांबा. एप्रिल-मे असेल तर सेंटिमीटरभर पाणी नुसतं उन्हानेच उडतं, ते गळतीत धरू नका.

पातळी टिकली, तर तळं ठीक आहे, दोष धबधब्यात. बहुतेक वेळा तिथेच सापडतो. दगडांखालचा प्लास्टिक कागद कडेला खचतो, किंवा पाणी पायरीच्या दगडावरून न पडता त्याच्या खालून पाझरतं. बाजूची माती हाताने चाचपा. जिथे ओल लागेल तिथला दगड उचला, कागदाची कड वर ओढा आणि दगड पुढे किंचित उतार देऊन बसवा. शेवाळ आणि पानं अडकूनही पाणी कडेवरून बाहेर जातं, तेही बघून घ्या.

पंप बंद असतानाही पातळी उतरत राहिली, तर ती जिथे थांबेल त्याच उंचीवर भोक शोधायचं. मासे असतील तर मात्र इतकी वाट बघू नका, आधी त्यांना टबात हलवा.

सिमेंटने सांधे भरलेत? मग मासे परत सोडण्याआधी दोन-तीनदा पाणी बदला. ताज्या सिमेंटचा चुना त्यांना मारतो.