भाईच्या रील्सचे डायलॉग लिहू की माझी गोष्ट लिहू?

सल्ला मागायला मला आलेल्या एका पत्रात काय आहे ते मीच थोडक्यात सांगते, कारण पूर्ण छापलं तर एरियातली पोरं दोन मिनिटांत ओळखतील कोण ते. मुलगा २० वर्षांचा, एस.वाय.बी.कॉम.ला, पुण्यात येरवड्याच्या बाजूला आईबरोबर राहतो, आई चार घरी पोळ्या करते. मोबाईलवर एक गोष्ट लिहितोय, वस्तीतला एक पोरगा हळूहळू टोळीत ओढला जातो त्याची, प्रतिलिपी या गोष्टींच्या अ‍ॅपवर भाग टाकतो आणि वाचणारे पुढचा भाग कधी म्हणून मागे लागतात. 'मटेरियल मिळावं' म्हणून चौकातल्या एका भाईच्या पोरांबरोबर बसायला लागला आणि तिथं भाईला कळलं की हा लिहितो. आता भाईच्या इन्स्टावरच्या रील्सचे डायलॉग हाच लिहितो, एडिटिंगही हाच करतो, एका रीलचे २००० रुपये मिळतात. प्रश्न दोन आहेत. हे काम अनुभव म्हणून दाखवता येईल का, आणि बी.कॉम. सोडून फुलटाइम रायटर व्हायला कुठला कोर्स करू.

मित्रा, तुझे तिन्ही भाग वाचले. आधी लिखाणाबद्दलच बोलते कारण तुला खरं तेच ऐकायचंय. तुला लिहिता येतं. हे मी सगळ्यांना सांगत नाही, माझ्याकडे महिन्याला कितीतरी पोरं 'मला रायटर व्हायचंय' म्हणून येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी अजून एक पानही लिहिलेलं नसतं. तुझ्या दुसऱ्या भागात ती पिठाच्या डब्याची जागा आहे बघ, आई पीठ घ्यायला डब्यात हात घालते, हाताला पाचशेच्या नोटा लागतात, ती नोटा झटकते, झटकलेलं पीठ परत डब्यात पडेल असं बघते, नोटा होत्या तिथेच ठेवते आणि पोळ्या लाटायला बसते. पोराला काही विचारत नाही. दोनच ओळींत उरकलंस तू हे, आणि पुढे चार पानं कोयता, स्लो मोशन, पाऊस आणि 'हा एरिया आपलाय'. अरे त्या दोन ओळी तुझ्या आहेत आणि ती चार पानं कुणाचीही आहेत. २०२२ संपत आलं तेव्हापासून पुण्याच्या पेपरात 'कोयता गँग' वाचून वाचून लोकांना त्याचं काही वाटेनासं झालंय, कोयता आता रोजची बातमी आहे. पण तो डबा मी कुठे वाचला नव्हता.

त्या नोटा गोष्टीतल्या की घरातल्या ते मी विचारत नाही.

आता पहिला प्रश्न. नाही, अनुभव म्हणून दाखवता येणार नाही. नुसता प्रॅक्टिकल विचार कर, उद्या एखाद्या प्रॉडक्शन हाउसमध्ये किंवा एजन्सीत गेलास आणि कामाचे नमुने दाखव म्हणाले तर काय दाखवणार, भाई गाडीच्या बॉनेटवर बसून 'वेळ आल्यावर हिशोब होणार' म्हणतोय ते? आणि इथे एक फरक नीट समजून घे. तुझ्या गोष्टीतला पोरगा समोरच्या टोळीला 'तुझा नंबर लागलाय' म्हणाला तर तो संवाद आहे. खरा भाई, खऱ्या चौकात, खऱ्या दुश्मनीत तेच वाक्य कॅमेऱ्यात बघून बोलला तर ती धमकी आहे, आणि ती तू लिहिलीयस, तू एडिट केलीयस, म्युझिक पण तूच लावलंयस. पत्रात एक गोष्ट तू अगदी सहज लिहून गेलास की अकाउंट तुझ्या नंबरवर उघडलंय 'कारण भाईला पासवर्ड वगैरे जमत नाही'. भाईला सगळं जमतं रे. उद्या त्या रीलवरून गुन्हा दाखल झाला तर पोलीस आधी अकाउंट कुणाच्या नंबरवर आहे ते काढणार आणि पहिली नोटीस तुझ्या दारात येणार, ती पण आई पोळ्यांच्या कामावर गेलेली असताना, शेजारच्यांच्या देखत.

मी वकील नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या पोरांमुळे एवढं माहिती झालंय. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारी आहे आणि आपल्याकडे १९९९ पासून मोक्का, म्हणजे टोळ्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा कडक कायदा, आहेच. दोन्हीत नुसता मारणारा नाही, जाणूनबुजून मदत करणारा पण येतो आणि दोष सिद्ध झाला तर त्यालाही किमान ५ वर्षं. मोक्कात अटकपूर्व जामीन मिळत नाही आणि आरोपपत्र द्यायला पोलिसांना १८० दिवसांपर्यंत वेळ मिळू शकतो, म्हणजे शेवटी सुटलास तरी तोपर्यंत एक अख्खं सेमिस्टर आत गेलं. एका रीलवरून लगेच मोक्का लागतो असं मी म्हणत नाहीये, घाबरवायचं असतं तर अजून बरंच लिहिता आलं असतं. साध्या धमकीचं कलम पण पुरतं, कारण पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत, पासपोर्टला, सगळीकडे ते विचारतात.

आणि तुला कामाला लावायची पद्धत बघ. सुरुवातीला चहा, मग बिर्याणी, मग वाढदिवसाच्या फ्लेक्सचं डिझाइन, मग डायलॉग, मग अकाउंट. पुढचं मी सांगते, एक दिवस म्हणतील तुझ्या बँक खात्यात थोडे पैसे येतील ते काढून दे, नाहीतर ही बॅग आजची रात्र ठेव. कुणी तुला 'गँगमध्ये ये' म्हणणारच नाही. तुझ्या गोष्टीत मात्र भाई पोराच्या खांद्यावर हात ठेवून 'आजपासून तू आपला' म्हणतो. तुझ्याबरोबर असं झालं का? मग तिथे का लिहिलंस?

बी.कॉम. सोडू नको. हे मी आईच्या वतीने बोलत नाहीये, लेखक व्हायचंय म्हणूनच सांगतेय. लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआयला, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटला, पटकथालेखनाचा कोर्स आहे पण तो पदवीनंतर. फर्ग्युसन रोडवरचं रानडे इन्स्टिट्यूट, तिथे पत्रकारितेचं मास्टर्स, ते पण पदवीनंतर, आणि क्राईम लिहायची हौस आहे तर एखाद्या पेपरची क्राईम बीट ही चौकातल्या कट्ट्यापेक्षा शंभरपट चांगली शाळा आहे, पगार देऊन शिकवतात. शिवाय तू पुण्यात कॉलेजला आहेस आणि पत्रात पुरुषोत्तमचं, कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचं, नावही नाही याचंच मला नवल वाटलं! पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, नंतर फिरोदिया करंडकही असतो, दोन्हीकडे कॉलेजच्या पोरांना लिहायला मिळतं आणि मराठी नाटक-सिरियल-सिनेमात आज काम करणारे कितीतरी जण तिथूनच पुढे आलेत. तिथे काय होतं, तुझं वाक्य जिवंत नट बोलतो आणि भरत नाट्य मंदिरात थिएटर भरून बसलेली पोरं एकतर टाळ्या वाजवतात नाहीतर हुर्यो उडवतात, प्रतिलिपीवरच्या कमेंटमधून ते कळत नाही. पण त्यासाठी कॉलेजात नाव पाहिजे. नाव काढलंस की ते दार बंद.

बाकी कोर्सबद्दल फार लिहीत नाही. ऑनलाइन '३० दिवसांत स्क्रीनरायटर व्हा' वाल्यांना पैसे देऊ नको, एवढंच. पुढे कधी स्क्रिप्ट कुणाला पाठवायची झाली तर आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा मेंबर होऊन ती रजिस्टर करायची, ऑनलाइन होतं. आणि मराठी सिरियलमध्ये कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगळी कामं असतात, तीन वेगळी नावं टायटलला येतात, तुझा हात संवादावर बरा आहे. सुरुवातीची वर्षं त्यात पैसा बेभरवशाचा असतो, कधी एपिसोड लिहून घेतात आणि चेक सहा महिन्यांनी, तेव्हा टॅली-जीएसटी येत असेल तर भाडं निघतं, हे कुठला इन्फ्लुएन्सर सांगणार नाही.

मटेरियल पाहिजे ना, ते फुकट आहे. शिवाजीनगर कोर्टात जा. बलात्काराच्या आणि पोक्सोच्या, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसेस बंद दाराआड चालतात, त्या सोडून बाकी कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, मागच्या बाकावर गप्प बसायचं, मोबाईल बंद. रिमांडला आणलेली तुझ्या वयाची पोरं बघ, रीलमध्ये असतात तशी दिसत नाहीत ती, पायात स्लीपर असते, नजर सारखी दाराकडे. बाहेर आया बसलेल्या असतात, डबा आणलेला असतो आणि आत द्यायला मिळेल की नाही ते कुणी नीट सांगत नाही. वकिलाची फी कोण भरतं ते ऐक, भाई भरतो का मंगळसूत्र भरतं. दुसरं म्हणजे एफआयआर. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितल्यापासून संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर पोलिसांना वेबसाइटवर टाकावे लागतात, महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर रोजचे मिळतात. ती भाषा वाच, 'नमूद इसम', 'यातील फिर्यादी', 'शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण', हवालदार एका परिच्छेदात अख्खी दुश्मनी मांडतो. कारण काय तर गाडी पुसायच्या फडक्यावरून वाद.

आणि तुझं बी.कॉम. हाच तुझ्या गोष्टीचा खजिना आहे हे तुला कसं दिसलं नाही? टोळीवर लिहिणारे सगळे कोयत्यावर लिहितात, खात्यावर कुणी लिहीत नाही. पैसा येतो कुठून, हातगाड्यांचा हप्ता, भंगाराचा ठेका, चाकण-रांजणगावला कंपन्यांमध्ये माथाडीच्या नावावर उकळतात ते, आणि जातो कुठे. पोराला पाचशे आणि बिर्याणी, भाईच्या नावावर प्लॉट, आणि आत जायची वेळ आली की पोरगा. तुझ्या हिरोला हा हिशोब मांडायला लाव, तो पण कॉमर्सचा कर. अजून एक, तिसऱ्या भागात तो बाजारात जाऊन बिनधास्त कोयता घेऊन येतो. २०२३ मध्ये पुणे पोलिसांनी दुकानदारांना कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड घ्यायला सांगितलं होतं. म्हणजे मोठा डॉन व्हायला निघालेल्या तुझ्या पोराला दुकानदार म्हणतो आधारची झेरॉक्स आण, आणि हा शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे सुट्टे दोन रुपये शोधतोय. लिही की हे! मी हसले असते आणि मला त्याची भीतीही वाटली असती.

पैशाचं बोलू, कारण २००० सुटणार हे तुला लागणार आहे, घरात लागणार आहे. तुझ्याकडे दोन स्किल आहेत, मराठीत चटकन पकडेल असं वाक्य लिहिणं आणि मोबाईलवर एडिट करणं, आणि आज पुण्यात मिसळवाल्यापासून जिमवाल्यापर्यंत प्रत्येकाला रील पाहिजे. तीन दुकानं धर, पहिलं रील कमी पैशात कर, पुढच्यापासून बिल दे, बिल कसं बनवायचं हे बी.कॉम.वाल्याला मी सांगायला नको. ते काम नमुना म्हणून दाखवता पण येतं. किंवा एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडे संध्याकाळचे तीन तास, रिटर्नच्या सीझनला त्यांना माणसं लागतातच. लगेच तेवढे मिळणार नाहीत, दोनतीन महिने ओढाताण होईल.

आता बाहेर कसं पडायचं. 'मी हे सोडतोय' अशी घोषणा करायची नाही, भाईला शहाणपणा शिकवायचा नाही, तू तुझ्या गोष्टीत नाहीयेस. कंटाळवाणं कारण द्यायचं, परीक्षा आहे, हजेरी कमी पडलीय, संध्याकाळी कामाला लागलोय, आणि ते कारण खरं करायचं म्हणजे खोटं पकडलं जात नाही. नवीन पैसे घ्यायचे नाहीत, 'मागचे राहू दे' पण म्हणायचं. पण त्याआधी, सगळ्यात आधी, वकिलाशी बोल. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, नियमात बसलास तर वकील फुकट मिळतो, १५१०० ला फोन करून विचारलंस तरी चालेल. त्यांना दोन गोष्टी विचार, अकाउंटवरचा तुझा नंबर काढायचा तर कसा आणि कधी, आणि जुन्या चॅट्सचं काय करायचं. घाबरून काही डिलीट करू नकोस, कोण काय बोललं आणि कधी बोललं हे तुझ्याकडे असलेलं बरं. कुणी दमदाटी केली तर ११२.

आईला सांग. तिला अर्धं माहिती असेल, पीठ झटकणाऱ्या बाईला माहिती असतं.

पुढचा भाग महिनाभर टाकू नको, वाचणारे थांबतील. तोपर्यंत डब्याच्या त्या दोन ओळींची चार पानं कर, कोयता अजिबात न आणता, आणि मला पाठव. पुरुषोत्तमची तुमच्या कॉलेजची टीम कधी बसते ते या आठवड्यात कल्चरलच्या सरांना विचारून घे, स्क्रिप्ट त्यांना आधी लागते.