वाचकांचे प्रश्न : घरी बांधलेले विमान आणि नागपूरचा उन्हाळा

प्रश्न : माझ्या मामांनी किटवरून दोन आसनी विमान बांधले असून त्याला रोटॅक्स 912 इंजिन आहे. गेला पावसाळाभर ते शेडमध्ये झाकून उभे होते. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी मिळाल्यास पहिले उड्डाण मे महिन्यात नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून करण्याचा त्यांचा विचार आहे. धावपट्टी लांब असल्याने उन्हाची काळजी नको, असे ते म्हणतात. हे बरोबर आहे का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : धावपट्टीपुरते मामांचे म्हणणे खरे आहे. ती सुमारे 3,200 मीटर लांब आहे आणि असे हलके विमान तिच्या लहानशा भागातच जमीन सोडते. अडचण त्यानंतरची आहे. सोनेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 फूट उंचीवर असले, तरी मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ते ठिकाण जवळपास 5,000 फुटांवरचे ठरते. यालाच वैमानिक डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची ताकद त्यामुळे दहा-बारा टक्क्यांनी घटते, आणि विमान चढते ते सरळ उडण्यासाठी लागणारी ताकद वजा जाता उरलेल्या शक्तीवरच, म्हणून चढण्याचा वेग त्याहून कितीतरी अधिक खाली येतो. त्यात इंजिन पुरेसे थंड राहते की नाही, याची हवेत एकदाही परीक्षा झालेली नाही. जानेवारीत सकाळी पारा बारा-तेरा अंशांवर असताना हा सगळा बोजा जवळपास नाहीसा होतो, तेव्हा माझ्या मते मामांनी हिवाळ्यापर्यंत थांबावे.

तोवर करण्यासारखे काम पुष्कळ आहे. पावसाळ्यात कुंभारीण माशी पिटो ट्यूबमध्ये (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणाऱ्या नळीत) आणि इंधनटाकीच्या व्हेंटमध्ये (टाकीत हवा येऊ देणाऱ्या छिद्रात) मातीचे घर करते. पिटो बुजली तर वेगदर्शक चुकीचा वेग दाखवतो. व्हेंट बुजला तर टाकीत पेट्रोल असूनही इंजिन उपाशी राहते. व्हेंट मोकळा केल्यावर विमानाचे नाक चढाईच्या कोनात उचलून, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवून, मिनिटाला किती पेट्रोल येते ते मोजावे. पंपाने इंधन पुरवले जात असेल, तर इंजिनाच्या कमाल गरजेच्या सव्वापट आणि केवळ उतारावर येत असेल, तर दीडपट प्रवाह मिळायला हवा. स्टिक (चालवण्याचा दांडा) उजवीकडे झुकवल्यावर उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर जातो का, हे दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावे, कारण बांधणाऱ्याच्या डोळ्याला स्वतःची उलटी जोडणीही सरळ दिसते.

पहिल्या उड्डाणात वैमानिक एकटाच असावा. अमेरिकेत अशा विमानाला साधारणतः 25 किंवा 40 तासांची चाचणी द्यावी लागते आणि त्या काळात प्रवासी नेता येत नाही. भाच्याने त्या दिवशी खालूनच पाहावे! उतरल्यावर काउलिंग (इंजिनावरचे आवरण) काढून गळती, सैल नट आणि घासलेल्या वायरी शोधाव्यात, आणि तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का, ते पाहावे.

प्रश्न : इंजिनाला पंपावरचे साधे पेट्रोल चालेल का? – तेच वाचक

उत्तर : नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर या इंजिनाच्या उत्पादकाची मर्यादा 10 टक्क्यांची आहे. इथेनॉल ओलावा शोषते व काही प्रकारच्या रबरी नळ्या आणि टाकीचे सीलंट खराब करते. विमानाचे 100 एलएल इंधन चालते. मात्र त्यातील शिशामुळे तेल लवकर बदलावे लागते.