प्रशिक्षक जावा म्हणून खेळाडू हरतात का?

प्रश्न : नावडत्या प्रशिक्षकाची हकालपट्टी व्हावी म्हणून फुटबॉलपटू मुद्दाम सामने हरतात, यात तथ्य आहे का?

उत्तर : संपूर्ण संघाने ठरवून सामने हरणे जवळजवळ अशक्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पराभवांमुळे खेळाडूचे संघातील स्थान, बोनस आणि पुढचा करार हे सारेच धोक्यात येते. मात्र प्रशिक्षकावरचा विश्वास उडाला, की चेंडू गमावल्यावर मागे धावण्यातली तत्परता नकळत ओसरते, आणि वरच्या पातळीवर तेवढी ढिलाईही पराभवाला पुरते. मे २०१५ मध्ये इंग्लंडमधील प्रीमियर लीग ही फुटबॉल स्पर्धा जिंकलेला चेल्सी संघ त्याच डिसेंबरात १६ पैकी ९ सामने हरून १६व्या स्थानी घसरला, तेव्हा लेस्टर संघाविरुद्धच्या पराभवानंतर चेल्सीचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांनी आपल्या मेहनतीचा विश्वासघात झाल्याची भावना बोलून दाखवली. तीन दिवसांनी त्यांना जावे लागले. पुढचाच सामना चेल्सीने ३-१ असा जिंकला. २०१७ मध्ये प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांना हटवल्यावर लेस्टरनेही लिव्हरपूलला ३-१ असेच हरवले. एवढ्यावरून कट शिजल्याचा निष्कर्ष काढणे मला खेळाडूंवर अन्याय करणारे वाटते, कारण प्रशिक्षक बदलला की प्रत्येकाला संघातली आपली जागा नव्याने मिळवावी लागते आणि त्यामुळे आपोआपच पाय जोरात पळू लागतात.